गाणं आपोआप सुरू झालं

ही हकिगत सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. नातेवाइकांत विषय निघाला की मी पाणी प्यायला उठायचो. निवृत्तीनंतर मी नोकरीच्या आठवणी लिहिल्या, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या आमच्या लहानशा गावाविषयी लिहिलं, पण या एका गोष्टीपाशी आलो की हात दुसरीकडेच वळायचा. आता सत्तरी मागे पडून बराच काळ झाला. आणि आमच्या भाऊबंदांत एक चुकीची गोष्ट खरी म्हणून रुजून बसली आहे: माझ्या थोरल्या बहिणीला, आक्काला, म्हातारपणी आमच्या घरात जागा मिळाली नाही, ती माझ्या बायकोमुळे. हे खोटं आहे. मी स्वतः कधी तसं म्हटलं नाही. पण दुसऱ्यांनी म्हटलं तेव्हा खोडलंही नाही.

सुरुवात गाडीपासून करावी लागेल, कारण जे झालं ते गाडीत झालं.

आमचं घर शहाद्याजवळ, पुरुषोत्तमनगरच्या रस्त्याला. पुण्याचा मुलगा एका दिवाळीला आला आणि माझी जुनी गाडी देऊन मला नवी घेऊन दिली, मगच परत गेला. नव्या गाडीत मधोमध एक काळी काच होती, लहान मुलाच्या पाटीएवढी. गाडी सुरू केली की तिच्यात आतून उजेड यायचा, विहिरीत सकाळ उतरते तसा, हळूहळू आणि निळसर. मग चित्रं वर यायची: फोनचं, गाण्याच्या सुराचं, नकाशाचं, घराचं. मुलानं माझा फोन त्या काचेशी जोडून दिला. "बाबा, आता खिशातून फोन काढायचा नाही. फोन आला की इथंच नाव दिसेल. हिरवं दाबलं की बोलायचं, लाल दाबलं की बंद," एवढं शिकवून तो गेला.

माझं बोट जाड आणि कोरडं. काच ते ओळखत नसे. मी बोट जिभेला लावून दाबायचो.

"अहो, पोथीनं पान उलटी ऱ्हायनात का?" बायको म्हणायची. "पुसा ते. काचवर थुका लागी गया."

पण हळूहळू मला त्या काचेचं वेड लागलं. सकाळी शेताकडे जाताना मी रेडिओ लावून आकडे पुढे सरकवायचो. आमच्या भागात एकही स्टेशन धड लागत नाही. गुजरातेतलं एखादं भजन यायचं, दोन ओळी गाऊन विरायचं. मग नुसती खरखर, ज्वारीच्या वाळक्या पानांतून वारा जावा तशी. मग एखादी हिंदी जाहिरात, मग परत काही नाही. ते काही नसणंच मला आवडायचं. नकाशावर आमच्या शेताचा रस्ता नव्हताच. डांबरी रस्ता सोडून आत वळलो की काचेवरचा बाण रस्त्याबाहेर पडायचा आणि करड्या रिकाम्या जागेत एकटाच पुढे जायचा. बाहेर दोन्ही अंगांना केळीची उंच पानं, आणि आत मी कुठेच नाही. असं कितीतरी सकाळी मी कुठेच नसल्यासारखा गाडी चालवली आहे.

आक्का म्हसावदला राहायची, तिच्या सासरच्या घरात. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. काचबिंदूनं दोन्ही डोळे हळूहळू विझत गेले होते. उजेड-अंधार कळायचा, माणूस नाही. शेजारची एक बाई, जिची शेळी आक्काच्या ओट्याशीच बांधलेली असायची, पाणी भरून द्यायची, बाकी सगळं आक्का चाचपून चाचपून स्वतः करायची. सोमवारी मी तिच्याकडे जायचो. चहा झाला की ती म्हणायची, "चाल, फिराव माले." मग तिला पुढच्या सीटवर बसवून आम्ही तोरणमाळच्या वाटेनं डोंगराच्या दिशेनं जायचो आणि चढ लागण्याआधी परत फिरायचो. तिला काही दिसत नव्हतं. तरी ती खिडकीकडे तोंड करून बसायची आणि बाहेर काय आलं ते मला विचारायची, "आते काय उनं?"

"पपईनं वावर."

"फळं लागेल शेत का?"

"लटकी ऱ्हायनात."

"हाऊ," म्हणायची, जणू स्वतः बघून खात्री करून घेतली.

नवी गाडी घेऊन पहिल्यांदा गेलो, तेव्हा मी ऐट दाखवायला स्टीअरिंगच्या चाकावरचं एक बटण दाबून हिंदीत म्हणालो, "रेडिओ लगाओ." काचेतून एक गोड आवाजाची बाई म्हणाली, "जी, रेडियो चालू कर रही हूँ."

आक्का दचकून मागे वळली. "कोन बसेल शे मांगे?"

"मांगे कोनी नही. गाडीमाच शे ती."

"असं का? मंग तिले सांग ना, कानबाईनं गानं लाव."

"तूच सांग."

देवीचं गाणं मागायचं म्हणून आक्कानं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि आवाज आला होता त्या दिशेला वळून म्हणाली, "ओ बाई, एखादं कानबाईनं गानं म्हन वं माय."

काच जरा वेळ गप्प. मग, "माफ़ कीजिए, मैं समझी नहीं."

"नवी शे," आक्का मला समजावत म्हणाली. "नवी सून अशीच करस. वरीसभर सासरी ऱ्हायनी की शिकी जाई."

तेव्हापासून गाडीत बसली की ती आधी सुनेची चौकशी करायची. "काय वं सूनबाई, उनी का आमनी भाषा?" आणि मी बटण दाबायचो, नि सून बिचारी प्रत्येक वेळी माफी मागायची.

त्या काचेत आणखी एक गंमत होती. आवाजाच्या पानावर गाडीचं वरून काढलेलं चित्र होतं आणि त्यात एक ठिपका. बोटानं ठिपका जिकडे न्यावा तिकडे आवाज जायचा. मी पेनड्राइव्हवर जुनी गाणी भरून घेतली होती. गाणं चालू असताना मी ठिपका आक्काच्या बाजूला सरकवायचो.

"आते मन्हाकडे उनं," ती म्हणायची. मी तो मागे न्यायचो. "गयं, मांगे गयं." मग तिच्या खांद्याशी आणायचो, आणि ती डोळे मिटून घ्यायची. डोळे मिटायची तिला गरज नव्हती, तरी मिटायची. संध्याकाळचं ऊन तिच्या सुरकुत्यांवर पडलेलं असायचं, डोंगर निळे झालेले, आणि गाणं एखाद्या पाळीव जनावरासारखं गाडीत इकडून तिकडे फिरत असायचं. आयुष्यातले माझे सगळ्यात सुखाचे तास कोणते, असं कुणी विचारलं तर मी हेच सांगेन. म्हणूनही पुढचं सांगणं जड जातं.

कधी ती म्हणायची, "बंद कर तुन्हं," आणि स्वतः गायला लागायची. कानबाईची गाणी तिच्याइतकी आमच्या भाऊबंदांत कुणालाच येत नव्हती. आमच्याकडे श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. नारळाला डोळे रेखायचे, नथ घालायची, साडीचोळी करायची, बायकांनी गाणी म्हणत जागायचं आणि सोमवारी वाजतगाजत गोमाई नदीच्या पाण्यात पोचवायचं. सगळी भावकी त्या दिवशी एका घरात जमते. घरातल्या पुरुषांच्या मुठींनी गहू घेऊन त्याचे रोट करतात, आणि ते रोट कुळातल्यांनीच खायचे असतात. लग्न होऊन गेलेली मुलगी दुसऱ्या कुळाची झाली, तिला ते चालत नाहीत. म्हणजे आक्का माहेरी येऊन कानबाईसमोर घसा बसेपर्यंत गायची आणि आम्ही रोट खायला बसलो की बाजूला बसून साधी भाकरी खायची. यात कुणाला काही वावगं वाटत नसे. तीच हसून म्हणायची, "गानं मन्हं, रोट तुमना."

त्या वर्षी आषाढात, अशाच एका फेरीत, ती तळहातावरून बोट फिरवत बसली होती. मग म्हणाली, "भाऊ, चूल पेटाडतांना आग कोठे शे ते आते समजत नही. हातले चटका बसस तव्हय समजस."

"गॅस शे ना घरमा."

"गॅसनं बी तेच."

थोडं अंतर गेलं. काचेवर बाण हळूहळू पुढे सरकत होता.

"तुन्ही पुढली खोली रिकामी शे ना आते?"

"शे."

"हवा येस का तठे?"

"येस."

तिला काय हवं होतं ते मला कळलं होतं. मी ठिपका तिच्या बाजूला सरकवला आणि आवाज थोडा वाढवला.

आता एक सांगायला हवं, नाहीतर माझी चूक किती मोठी ते कळणार नाही. आमच्या गावात चौथीपुढे शाळा नव्हती. आक्काचं लग्न नुकतंच झालं होतं, आणि मला शिकायला म्हसावदला, तिच्या सासरी ठेवलं. नव्या सुनेनं माहेरचा भाऊ घरात आणायचा म्हणजे काय, हे तेव्हा मला कुठून कळणार? तिची सासू ताटात वाढताना मोठ्यानं उसासा टाकायची. आक्का मला खूण करायची, खा. मी मॅट्रिक होईपर्यंत त्या घरात राहिलो. त्या सगळ्या वर्षांत आक्कानं एकदाही मला "कधी जाशील?" असं विचारलं नाही.

कानबाईच्या आधीच्या आठवड्यात मी आणि बायको शहाद्याच्या बाजारात गेलो होतो. नारळ, चोळीचा खण, भाजीसाठी मोठं गंगाफळ म्हणजे लाल भोपळा, असं सगळं मागच्या सीटवर ठेवून परत निघालो. आभाळ भरून आलं होतं, पाऊस नव्हता. दिवसा दिवा लावावा असा अंधुक प्रकाश. पेनड्राइव्हवरचं एक जुनं गाणं चालू होतं. एवढ्यात गाणं थांबलं, काच उजळली आणि तिच्यावर आक्काचं नाव आलं. शेजारीण तिला फोन लावून द्यायची.

मी हिरवं दाबलं. आक्काचा आवाज चारही दारांतून आला, जणू ती सगळीकडे बसली होती.

"भाऊ, कव्हय येशी लेवाले?"

"शनवारले येस. तयार ऱ्हाय."

"तयारच शे मी. नवं लुगडं काढी ठेवं. भावजय शे का तुन्हाजोडे?"

"शे, शे."

"तिले सांग, यंदा मी जास्तीना दिवस ऱ्हासू."

"बरं बरं. ठेवस मी, गाडी चालाडी ऱ्हायनू."

मी काचेवर बोट दाबलं. समोरून चाऱ्याची बैलगाडी येत होती, माझं लक्ष रस्त्यावर होतं. फोनचं चित्र गेलं, पहिलं पान आलं. मला वाटलं, बंद झाला. खरं म्हणजे मी लाल बटण दाबलंच नव्हतं. कोपऱ्यातल्या घराच्या चित्रावर बोट पडलं होतं. त्यानं फोन बंद होत नाही, नुसता नजरेआड जातो. हे मला नंतर कळलं.

बायको म्हणाली, "किती दिवस ऱ्हातीन म्हने?"

मी म्हणालो, "दिवस कसाना? एकदाव उनी ना, मंग ती जावाव नही."

"ऱ्हाऊ द्या ना मंग. पुढली खोली रिकामीच शे. तठला चटका खावापेक्षा आठे दोन घास खातीन."

हे शब्द माझ्या बायकोचे आहेत. हे मी नीट लिहून ठेवतो.

आणि पुढचे माझे. "तुले बोलाले काय जास? डोया गयात, उद्या हातपाय जातीन. आपलाच गुडघा धड नहीत, तिले कोन उचलई? आपला घर बसीसन तिन्ही मराणी वाट देखसूत का? सासरनं मानूस सासरेच बरं. आपला रोट तिले चालत नही, मंग आपलं घर कसं चालई?"

रोटाचं ते शेवटचं वाक्य मला तेव्हा फार बिनतोड वाटलं होतं.  बायको खिडकीबाहेर बघत राहिली. रस्त्याच्या कडेला पाण्याची डबकी होती आणि त्यांत ढग होते. मला वाटत होतं गाणं परत सुरू होईल, पण होत नव्हतं. गाडीत एक विचित्र शांतता होती, रिकामी नव्हे, भरलेली. मग त्या शांततेतून शेळी ओरडली. मी आरशात मागे पाहिलं. मागे गंगाफळ होतं. पुन्हा शेळी ओरडली, आता डाव्या दारातून, मग एक भांडं खाली ठेवल्याचा आवाज, आणि मग कुणीतरी फार जवळून, माझ्या कानाशीच, एक लांब श्वास घेतला.

मग टक् असा बारीक आवाज झाला आणि गाणं आपोआप सुरू झालं. जिथं तुटलं होतं तिथून, त्याच ओळीच्या मध्यापासून.

"फोन चालू व्हता का हो?" बायकोनं हळूच विचारलं.

"नही," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडे पाहिलं. तिला कळलं होतं, आणि मला कळलं होतं की तिला कळलं आहे. घर येईपर्यंत ते गाणं संपलं, दुसरं लागलं, तिसरं लागलं. बंद करायला माझं बोट पुढे होईना.

शनिवारी मी तिला न्यायला म्हसावदला गेलो. आक्का ओट्यावर बसली होती. गाडीचा आवाज ओळखून तिनं मान वर केली.

"यंदा नको भाऊ," ती म्हणाली. "पाय सुजेल शेत."

मी तिच्या पायांकडे पाहिलं. पाय होते तसेच होते. दाराच्या आत तिची पिशवी भरून ठेवलेली दिसत होती, वर नव्या लुगड्याची घडी. तेव्हा मी एक वाक्य बोललो असतो तरी पुरलं असतं. तिला धरून गाडीत बसवलं असतं, तरी न बोलताही पुरलं असतं. मी म्हणालो, "बरं. मंग आराम कर." आणि खरं सांगायचं म्हणजे मला हलकं वाटलं. लाज नंतर आली. आधी हलकंच वाटलं.

त्या वर्षीची कानबाई मुकी गेली. बायका गायल्या, पण दोन ओळींनंतर अडायच्या, एकमेकींकडे बघायच्या. "आक्का काब्र उनी नही?" जो येई तो विचारी. मी म्हणायचो, पाय सुजले आहेत. माझ्या चुलतभावाची बायको जरा फटकळ. ती चुलीपाशी बसून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "भावजयनं तोंड सुजेल ऱ्हायनं म्हंजे ननदना पाय सुजतीनच ना!"

सगळे हसले. माझी बायको पुरणपोळी उलटत होती. तिनं एकदा मान वर करून माझ्याकडे पाहिलं, फार वेळ नाही, पोळी भाजायला लागतो तेवढाच वेळ. मी रोट खात होतो. खात राहिलो. तिथून ती गोष्ट पसरली आणि खरी झाली. आजही आमच्यात एखादी सून तोंड वर करून बोलली की म्हाताऱ्या माझ्या बायकोचा दाखला देतात. तिनं कुणालाही खरं सांगितलं नाही. मी हे लिहायला घेतलं, तेव्हा तिला विचारलं. ती म्हणाली, "लिव्हा. पन माले कानबाई करू नका. मी बी दुसरा दिवशी तिले लेवाले गयी नही." तर तिचं म्हणणंही इथं लिहिलं.

सोमवारच्या फेऱ्या मी चालू ठेवल्या. आक्का गाडीत बसायची, मी गाणं लावायचो. सूनबाईची चौकशी तिनं सोडली. मी एकदा मुद्दाम बटण दाबून दिलं, "बोल ना तिन्हासंगे." आक्का म्हणाली, "ऱ्हाऊ दे. तिले बी काम ऱ्हास." गाण्याचा ठिपका मी तिच्याकडे सरकवला तरी ती काही म्हणत नसे. खिडकीकडे तोंड करून बसायची, आणि आता कुठलं शेत आलं, असंही विचारायची नाही.

थंडीत तिच्या दिराचा मुलगा सुरतेहून आला. चुलीशी तिच्या हाताला मोठा चटका बसला होता, शेजारणीनं त्याला कळवलं. तो भला माणूस. म्हणाला, "काकूले मी लई जास." त्याचं सुरतेचं घर म्हणजे दोन खोल्या आणि पाच माणसं. तिकिटांसाठी तो आधीच नंदुरबारला गेला, आणि आक्काला स्टेशनवर सोडायचं काम माझ्याकडे आलं.

म्हसावद, शहादा, मग प्रकाशा गावाचा पूल, तापीचं रुंद पाणी, आणि पुढे नंदुरबार. एवढी वाट मला मिळाली होती. बायको बरोबर येणार होती, ऐनवेळी म्हणाली, "तुम्ही दोन्हीजन जा. बोला." तिनं मला तेवढी जागा करून दिली. मी मनात वाक्य तयार करत होतो. शहादा गेलं. ऊस तोडलेल्या शेतांतून धूर निघत होता, सकाळ धुरासारखीच सावकाश वर येत होती. मी गाणं अगदी बारीक केलं. आक्का म्हणाली, "ऱ्हाऊ दे, चांगलं शे." मी परत वाढवलं. पुलावर आलो तेव्हा तिला पाण्याचा गारवा लागला असावा. तिनं हात जोडले. मी वाक्य पुन्हा पहिल्यापासून मांडलं.

नंदुरबार जवळ आलं तसा मिरचीचा तिखट खाट नाकात यायला लागला. उघड्या माळांवर मिरच्या वाळत घातल्या होत्या, नजर जाईल तिथवर लाल जमीन. आक्का शिंकली. मी खिडकीची काच वर घेतली. गाडी एकदम शांत झाली.

"भाऊ," ती म्हणाली, "फोन बंद कराणं बटन कोठे शे? माले दखाड."

 तिनं हात पुढे केला. भाजलेल्या जागेवरची कातडी अजून गुलाबी होती. मी गाडी कडेला घेतली, तिचं बोट धरलं आणि काचेवर जिथं लाल बटण येतं तिथं टेकवलं. फोन चालू नव्हता, त्यामुळे तिथं काहीच नव्हतं, नुसती काच. तिनं ती जागा चाचपली. वर, खाली, बाजूला.

"गुयगुयीत शे," ती म्हणाली. "काहीच हाताले लागत नही. यामा मानूसले कसं समजई?" मग थोडं थांबून, "तुले बी दिखनं नही व्हई."

खरं सांगायचं दार तिनं स्वतःच उघडून धरलं होतं. मी नुसतं आत जायचं होतं.

मी म्हणालो, "हाऊ. उन्हामा काच दिखत नही."

"हां," ती म्हणाली आणि हात मांडीवर घेतला. मी गाडी सुरू केली.

स्टेशनवर तिचा पुतण्या वाट बघत होता. गाडी आली, गर्दीत त्यानं तिला उचलूनच आत घेतलं. मी कुठे असेन त्या अंदाजानं तिनं खिडकीतून हात बाहेर काढला. तो माझ्या शेजारी उभ्या असलेल्या परक्या माणसाच्या डोक्यावर पडला. तो माणूस गोंधळला, तरी त्यानं मान खाली केली. तिनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. मी "आक्का, आठे" म्हणेपर्यंत गाडी हलली.

सुरतेला मी फोन करायचो. घरातच, गाडीत कधीच नाही. पण तिला आता ऐकूही कमी यायला लागलं होतं, म्हणून पुतण्याची बायको फोन मोठ्या आवाजावर टाकून तिच्यापुढे धरायची. "स्पीकरवर टाकेल शे मामा, बोला, आम्ही बी आयकी ऱ्हायनूत." पाठीमागे मुलं, टीव्ही, कुणाचं तरी हसणं. मी बोलायचो पावसाचं, केळीच्या भावाचं, कोण कुठं गेलं त्याचं. ती म्हणायची, "हां, हां." एकदा मी ठरवून म्हणालो, "आक्का, तुले एक सांगनं शे." ती म्हणाली, "सांग." तिकडे टीव्हीचा आवाज कुणीतरी कमी केला. सगळे ऐकायला थांबले. मी म्हणालो, "यंदा पपई चांगली शे." सुरतेला जाऊन समोरासमोर बोलायचं म्हणून मी दोनदा तिकीट काढलं. एकदा ताप आला, तो खरा होता. दुसऱ्यांदा काही नव्हतं, मी गेलोच नाही.

पुढच्या पावसाळ्यात ती गेली. झोपेतच, असं पुतण्या म्हणाला. आम्ही पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं.

तिच्यापुढे बसून, तिचा भाजलेला हात हातात घेऊन, कुणी ऐकत असो वा नसो, मला जे म्हणायचं होतं ते फार नव्हतं. ते असं होतं:

"आक्का, त्या दिवशी ऊन नव्हतं. आभाय व्हतं. तू आयकं ते मीच बोलनू, आनि तव्हय माले ते खरंच वाटत व्हतं. मी चुकनू. माले माफ कर, आनि चाल घर, मी तुले लेवाले येल शे."